भाड्याची सायकल

साल १९७१, मे महिन्याची सुट्टी. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकली भाड्यानं देणारं एक दुकान होतं. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा आणि अर्धा तास संपून पाच मिनिटं जरी झाली, तरी पुढचे पैसे लावायचा. दादा तेव्हा पंधरा वर्षांचा होता, नुकताच अकरावीत गेलेला. तेव्हाची अकरावी म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. मी नऊ वर्षांची. अण्णांनी दिलेले वह्यांचे पैसे थोडे वाचवून त्यानं सायकल घेतली, मला कॅरिअरवर बसवलं आणि आम्ही बोगद्यापर्यंत चढ चढून गेलो. येताना उतार. 'जोरात दादा, जोरात,' असं मी ओरडत होते.

वळणावर ब्रेक लागला नाही. मी मातीत पडले. दादाचं डोकं रस्त्याकडेच्या कठड्यावर आपटलं. तो क्षणभर निपचित पडला, मग उठून बसला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुला लागलं का?" माझा गुडघा फुटला होता. त्यानं पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून वाकलेलं हँडल जमेल तेवढं सरळ केलं. म्हणाला, "घरी सांगू नकोस हं. अण्णा मारतील." मी शपथ घेतली. सायकल परत केली, पैसे दिले आणि आम्ही घरी आलो. वाटेत तो माझ्याशी नेहमीसारखा बोलत होता.

संध्याकाळी त्याचं डोकं दुखायला लागलं. आईनं सुंठीचा लेप लावला. जेवला नाही, उलटी झाली. "उन्हात उंडारायचं, दुसरं काय होणार," असं म्हणून आईनं त्याला झोपवलं. तो घोरू लागला. एरवी तो घोरत नसे. रात्री साडेदहाच्या सुमारास आई त्याला पाणी द्यायला गेली तर तो उठेना. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "पडला-बिडला होता का कुठं?" अण्णा म्हणाले, "नाही, तसं काही नाही." मी शेजारच्या अंथरुणात डोक्यावरून पांघरूण घेऊन जागी होते. ऊन लागलं असेल, सकाळपर्यंत बघू, असं सांगून डॉक्टर गेले. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी कानावरची सूज पाहिली, एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली पाहिली, आणि टॅक्सी करून ताबडतोब पुण्याला न्यायला सांगितलं. तिथं दुपारी ऑपरेशन झालं. तेवीस दिवस दादा बेशुद्ध होता.

पुढं अनेक वर्षांनी, बँकेत अधिकारी असताना, एका डॉक्टर खातेदाराशी बोलता बोलता मी हे सगळं एका 'ओळखीच्या मुलाची' गोष्ट म्हणून सांगितलं. त्यांनी टेबलावरच्या स्लिपच्या मागं चित्र काढून मला समजावलं. कानशिलाचं हाड कवटीत फार पातळ असतं. त्याच्या आतल्या अंगानं एक धमनी जाते. हाडाला चीर पडून ती फाटली, की कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. सुरुवातीला माणूस शुद्धीत असतो, हसतो-बोलतो. आपल्याला काही झालं नाही असंच त्याला आणि इतरांना वाटतं. मग साचलेलं रक्त मेंदूला दाबू लागतं. डोकं दुखणं वाढतं, उलटी होते, झोप येते, आणि ती झोप उरत नाही. वेळेत कवटीला भोक पाडून रक्त काढून टाकलं, तर असा रोगी पूर्ण बरा होऊ शकतो. "त्या मुलाच्या बाबतीत कोणीतरी संध्याकाळीच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. मी त्यांच्या मुदत ठेवीची पावती त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या खातेदाराला बोलावलं.

आपल्याकडं तेव्हा सोयी नव्हत्या, हे खरं आहे. देशातला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला १९४९ साली सुरू केला. दादा पडला तेव्हा त्याला जेमतेम बावीस वर्षं झाली होती, आणि असे सर्जन मोठ्या शहरांपुरतेच होते. कवटी न उघडता आतलं रक्त दाखवणारं यंत्र तर जगात कुठंच वापरात नव्हतं. सीटी स्कॅननं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र घेतलं गेलं ते लंडनमधल्या एका रुग्णालयात, १ ऑक्टोबर १९७१ रोजी. म्हणजे दादा पडल्यानंतर पाच महिन्यांनी. ते यंत्र घडवणाऱ्या हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल मिळालं, तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली होती. बेशुद्धी किती खोल आहे हे मोजण्याची, आज तालुक्याच्या दवाखान्यातही वापरली जाणारी 'ग्लासगो' पट्टी १९७४ सालची. पण सोयी असूनही माणसं जातातच. २००९ साली नताशा रिचर्डसन ही ब्रिटिश अभिनेत्री कॅनडात बर्फावर घसरून पडली. मला काही झालेलं नाही, असं म्हणून तिनं सुरुवातीला मदत नाकारली. दोन दिवसांनी ती गेली. तिलाही हाच रक्तस्राव झाला होता.

दादा ऑगस्टमध्ये घरी आला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. गल्ली गोळा झाली होती. डोक्यावरचे केस काढलेले, उजवा हात पोटाशी धरलेला, चालताना उजवा पाय किंचित ओढत. मी त्याच्यासाठी चिंचा जमवून ठेवल्या होत्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या नावानं हाक मारली. सगळ्यांना वाटलं, झालं, जिंकलं. हात-पाय काय, सुधारतील हळूहळू.

हात थोडा सुधारलाही. जे सुधारलं नाही, ते पहिल्या दिवशी दिसणारं नव्हतं. तिसरीतल्या कविता त्याला तोंडपाठ होत्या, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. एकच गोष्ट दिवसातून दहा वेळा विचारायचा. आवाज, गर्दी, दोन माणसांचं एकदम बोलणं त्याला सहन व्हायचं नाही. मग ताट भिरकावलं जायचं. पूर्वी अण्णांसमोर मान वर न करणारा दादा त्यांना तोंडावर काहीही बोलायचा, आणि पाच मिनिटांनी त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपायचा. शेजारच्या आजोबांच्या अंत्ययात्रेत तो मोठमोठ्यानं हसला. अण्णांनी त्याचा दंड धरून त्याला घरी आणलं. त्या दिवशी मी अण्णांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

जून ७२ मध्ये त्याला पुन्हा अकरावीत बसवलं. तो तीन वेळा नापास झाला. त्याचे मित्र सुरुवातीला रोज यायचे, मग रविवारी, मग दिवाळीला. पुढं ते कॉलेजात गेले, नोकऱ्यांना लागले. रस्त्यात दिसले की दादा त्यांना जुन्या नावानं हाक मारायचा, आणि ते घड्याळाकडं बघायचे. त्यांना दोष देत नाही. मीही शाळेतून येताना तो कोपऱ्यावर उभा दिसला, तर मैत्रिणींना दुसऱ्या बोळानं नेत असे. लोक त्याला वेडा म्हणत. आई म्हणे, "वेडा नाही तो, पडलाय." तिच्या त्या एका शब्दात सगळं निदान होतं, पण लोकांना ते कळत नसे.

अशा घरात भावंडांचे क्रम बदलतात. मी धाकटी होते, ती दोन वर्षांत थोरली झाले. त्याच्या शर्टाची बटणं लावायची, त्याला रस्ता ओलांडून द्यायचा, त्याचा राग चढतोय हे आईच्या आधी ओळखायचं. मला ताप आला तर मी सांगत नसे, कारण आईला आणखी काम नको. पहिला नंबर आला तरी पेढे आणू नका म्हणायचे, कारण पेढे पाहून दादा आपला निकाल विचारायचा. कुणी मला हे शिकवलं नव्हतं. अशा घरातली धाकटी मुलं ते आपोआप शिकतात, आणि पाहुणे म्हणतात, 'काय समंजस आहे हो पोर!' त्या समंजसपणाखाली काय असतं, ते कुणी विचारत नाही. माझ्याखाली एक शपथ होती.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळायची. आई त्याच्या डाव्या मुठीत आधीच पाच रुपयांची नोट ठेवायची. कधी तो ती विसरून खिशात घालायचा, आणि मग आई नुसतं "अरे, ताट..." म्हणायची.

१८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेसाठी सुरुंग लावताना फिनिअस गेज नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डोक्यातून साडेतीन फूट लांबीची लोखंडी पहार आरपार गेली. डाव्या गालाखालून शिरली आणि टाळूतून बाहेर पडली. तो जगला, चालू-बोलू लागला. पण पूर्वीचा मेहनती, विश्वासू मुकादम उरला नाही. शिवीगाळ करू लागला, एकही बेत तडीस नेईना, कंपनीनं त्याला परत कामावर घेतलं नाही. मेंदूच्या पुढच्या भागाचा आणि माणसाच्या स्वभावाचा संबंध सांगताना आजही त्याचं उदाहरण दिलं जातं. ते वाचताना मी मध्येच थांबले. ताट भिरकावणारा दादा उद्धट झालेला नव्हता. रागाला आवर घालणारी जागाच जखमी झाली होती. हे आम्हाला १९७१ साली कुणी सांगितलं असतं, तर अण्णांचा हात त्याच्यावर इतक्यांदा उठला नसता.

पण गेजच्या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. तो पुढं चिली देशात गेला आणि तिथं त्यानं कित्येक वर्षं घोड्यांच्या प्रवासी गाड्या हाकल्या. १८६० साली फिट्स येऊन वारला. अलीकडच्या अभ्यासकांचं म्हणणं असं, की रोज तीच वेळ, तोच रस्ता, तेच काम यांनी त्याला पुष्कळ सावरलं असावं.

आमच्या घरी ते चिली गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत सापडलं. गिरणीवाले काका अण्णांचे विद्यार्थी. १९७६ साली ते एक दिवस आपणहून म्हणाले, "गुरुजी, दादाला माझ्याकडं पाठवा." काम एवढंच, की आलेल्या डब्यावर खडूनं नाव लिहायचं, गहू की ज्वारी ते लिहायचं आणि डबे ओळीनं लावायचे. दादा डाव्या हातानं लिहायला शिकला. गिरणीचा आवाज त्याला कसा सहन होईल, अशी आम्हाला भीती होती. पण तो आवाज एकसारखा होता, त्यात अचानक काही नव्हतं, त्यामुळं तो त्यात शांत राहायचा. आठवणीवर काही अवलंबून नव्हतं, सगळं डब्यावर लिहिलेलं असायचं. नव्या गिऱ्हाइकाशी भांडण झालं, की काका त्याला बाजूला घेऊन चहा पाजायचे. त्या वर्षी भाऊबीजेला त्यानं आईनं दिलेली नोट परत केली आणि खिशातून आपली काढली. पीठ लागलेली, दोन रुपयांची.

मी भरती मंडळाची परीक्षा देऊन १९८४ साली बँकेत लागले. मग लग्नाची बोलणी सुरू झाली. दोन ठिकाणी सगळं जमत आलं आणि दादाला पाहिल्यावर "हे घराण्यात आहे का?" असा प्रश्न आला. सायकलवरून पडणं घराण्यात कसं असेल? तिसऱ्या वेळी मामांनी सुचवलं, की कांदेपोह्यांच्या दिवशी दादाला कऱ्हाडला पाठवू. अण्णा गप्प राहिले. मीही गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याची ही दुसरी वेळ. दादा कऱ्हाडहून एकटाच एसटीत बसून परत आला. ती वाट त्याला लहानपणापासून पाठ होती. पाहुणे बसलेले असताना दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला का पाठवलं?" ते स्थळ गेलं. त्यानंतर मी अण्णांना सांगितलं, की आता पहिलं वाक्य मी बोलणार. माझ्याच शाखेतल्या एका सहकाऱ्याशी १९८७ साली माझं लग्न झालं. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा दादाबरोबर गिरणीत जाऊन बसला होता.

पॉलिन बॉस या अमेरिकन विदुषीनं व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस गेला असं म्हणता येत नाही आणि आहे असंही म्हणता येत नाही, अशा नुकसानीला त्यांनी एक नाव दिलं. त्याला आपण संदिग्ध वियोग म्हणू. माणूस डोळ्यांसमोर आहे, पण पूर्वीचा तो नाही, हेही त्यात येतं. अशा दुःखाला तेरावा नसतो. आमच्या आईचा मॅट्रिकला बसणारा मुलगा १९७१ साली गेला, आणि त्याच्यासाठी तिला रडताही आलं नाही, कारण तो समोर बसून भात मागत होता. घरात त्याचं अकरावीचं दप्तर मात्र तिनं कधी कुणाला देऊ दिलं नाही.

अण्णा १९९४ साली गेले. २००६ साली आई माझ्याकडं पुण्याला आली असताना एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. काय झालं कोण जाणे, पस्तीस वर्षांनी मी तिला सगळं सांगून टाकलं. सायकल, कठडा, शपथ, पांघरूण. आईचा हात थांबला नाही. खडा बाजूला काढत ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. तिसऱ्याच दिवशी सायकलवाला आला होता, वाकलेल्या हँडलचे पैसे मागायला. कोण कोण होतं तेही त्यानं सांगितलं. ह्यांनी पैसे दिले आणि त्याला बजावलं, पोरीपाशी हा विषय काढायचा नाही म्हणून."

म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. मला वाचवण्यासाठीच ते गप्प राहिले, हे मला कळतं. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी मला सुटल्यासारखं वाटलं नाही, रागच आला. नऊ वर्षांच्या मुलीला कुणीतरी जवळ घेऊन एवढंच म्हणायला हवं होतं, 'तुझी चूक नाही. तू लहान होतीस.' मी पुढं चार कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतल्या एकाही नायिकेला भाऊ नाही, हे एका वाचकानं दाखवून दिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. आई २००८ साली गेली.

तेव्हापासून दादा आमच्याकडं आहे. इथं बँकेतल्या नोकरीचा उपयोग झाला, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. पण अपघातानं मेंदूला झालेली इजा हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यातही ती नावानं नाही. त्यामुळं अशा माणसाला दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यातून आत शिरावं लागतं. दादाला दाखला मिळाला तो अधू हातापायाचा. त्या दाखल्यावर, अण्णांच्या सेवेमुळं आईला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन पुढं त्याला मिळू लागलं. कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला ते हयातभर मिळू शकतं, हे अनेक घरांना माहीतच नसतं. २०१६ च्या कायद्यानं मर्यादित पालकत्वाची सोयही केली आहे. म्हणजे त्या माणसाला विचारून, त्याच्याबरोबर निर्णय घेणारा पालक. दुसरं, खात्याला नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनी हा पैसे घेणारा असतो, मालक नव्हे. मृत्युपत्र करा, आणि ज्याला पैसे सांभाळता येत नाहीत त्याच्या नावे थेट ठेवण्यापेक्षा त्याच्यासाठी विश्वस्त नेमा. काउंटरवर मी असे कितीतरी भाऊ-बहीण पाहिले, की आई-वडील गेल्यावर ज्यांच्या अंगठ्याला अचानक नातेवाईक फुटतात.

माझ्यानंतर काय, हा प्रश्न या सगळ्यानं सुटत नाही. दादा आता सत्तरीत आहे, मी साठी ओलांडली. मुलगी म्हणते, "मामाचं मी बघेन." तिनं म्हणावं हे बरं वाटतं, आणि तिच्यावर तो भार गृहीत धरू नये असंही वाटतं. माझ्यावर तो कुणी टाकला नव्हता, पण मी तो नाकारू शकत होते असंही कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा बढती सोडली, कारण बदली झाली असती. त्याचं दुःख नाही. पण कधीतरी कुणीतरी विचारायला हवं होतं. म्हणून मुलीला मी विचारलं, आणि 'नाही' म्हणालीस तरी चालेल, असंही सांगितलं. विश्वस्त म्हणून तिच्या जोडीला आणखी दोघांची नावं घातली.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना एवढंच सांगते. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. डोक्याला मार लागून जी वाचतात आणि बदलून घरी येतात, त्यांची कुठल्या बातमीत गणती नसते. हेल्मेट हवंच. पण त्याच्या आधी घरात असं वातावरण हवं, की पडून आलेलं मूल 'मी पडलो' असं सांगेल. दादा कठड्याला घाबरला नाही, तो अण्णांच्या माराला घाबरला. डोक्याला मार लागल्यावर मूल हसत-खेळत असलं तरी दिवसभर, रात्रभर लक्ष ठेवा. डोकेदुखी वाढली, उलटी झाली, पेंग येऊ लागली, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका. रागवायचं असेल तर ते नंतर. आणि घरात दुसरं मूल असेल तर त्यालाही जवळ बसवून विचारा, की तू कुठं होतास, काय पाहिलंस.

गिरणी आता राहिली नाही. दादा आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतो. साखर, पोहे, रवा. डाव्या हाताचं, थोडं तिरकं अक्षर. मी डबे बदलले तर चिडतो, म्हणून बदलत नाही. त्या दिवसाचं त्याला काही आठवत नाही. गेल्या दिवाळीत मी त्याला सारं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विसरला.

पण एक आहे. माझ्या हातून भांडं पडलं, दार आपटलं, काहीही आवाज झाला, की बाहेरच्या खोलीतून त्याची हाक येते, "लागलं का?" इतकी वर्षं येते आहे. मी हातातलं काम ठेवून बाहेर जाते, आणि त्याला दिसेल अशी उभी राहून सांगते, "नाही रे दादा, नाही लागलं."